बोरटाक्याची शंभर टक्के वसुली

कोणत्याही स्थानिक स्वराज्य संस्थेची आर्थिक प्रकृती तिच्या तिजोरीत किती पैसे आहेत यावरून ठरत नाही. ती टक्केवारीवरून ठरते. (हा शब्द येथे केवळ गणिती अर्थाने वापरला आहे. दुसरा अर्थ सर्वांना ठाऊक असल्याने त्याचे विवेचन टाळले आहे.)

बोरटाका हे गाव वडवणी आणि दिंद्रुडच्या मध्ये आहे. दोन्हीकडच्या एसटीला तिथे थांबावेसे वाटत नाही, एवढ्या अंतरावर. घरे ६१२. मी तिथल्या ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहे. शिक्षण बी.एस्सी., विषय भौतिकशास्त्र. मानधन दरमहा ठरलेले असून सरासरी ४.८ महिन्यांनी मिळते.

आमचे ग्रामसेवक बिभीषणराव, ज्यांना सगळे गाव भाऊसाहेब म्हणते, गेल्या जूनमध्ये तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला गेले. जाताना ते ग्रामसेवक होते, परतताना वित्त व्यवस्थापक झाले. पगार होता तोच राहिला. सोबत त्यांनी एक बॅग, एक पेन आणि ‘स्थानिक वित्त व्यवस्थापकांपुढील उदयोन्मुख आव्हाने’ नावाची ८४ पानी पुस्तिका आणली. पुस्तिकेत सतरा आव्हाने आहेत. परकीय चलनातील चढउतार, कर्जरोख्यांचे पतमानांकन अशी पहिली सोळा बोरटाक्याने अजून पाहिलेली नाहीत. सतरावे आव्हान असे : लोक कर भरत नाहीत.

‘‘हे उदयोन्मुख कसं?’’ मी विचारले.

‘‘पुस्तकात आत्ता आलंय ना,’’ भाऊसाहेब म्हणाले.

पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर एक योजना होती. ज्या ग्रामपंचायतीची घरपट्टी वसुली नव्वद टक्के किंवा अधिक, तिला ‘वित्तीय शिस्त ढाल’ आणि रोख बक्षीस. आमची वसुली अकरा टक्के होती. मागणी सात लाख वीस हजार, जमा एकोणऐंशी हजार दोनशे.

प्रथम पुस्तिकेतले उपाय करून पाहिले. थकबाकीदाराच्या दारात बँड वाजवावा, असे पान ३१ वर लिहिले आहे. बँडपथक गावातलेच निघाले आणि त्यातले सातपैकी सहा वादक थकबाकीदार. त्यांच्या दारात वाजवायला सातवा एकटा उरला. तो खुळखुळेवाला होता. मग मोठ्या थकबाकीदारांची नावे फ्लेक्सवर छापून चौकात लावली. दुसऱ्या दिवशी ३१ तक्रारी आल्या. चौघांचे नाव चुकले होते, पाच जणांच्या वर त्यांच्या विरोधकाचे नाव होते आणि बावीस जणांचे म्हणणे होते की नावासोबत फोटो का नाही. भरणा एकाचाही आला नाही. तो फ्लेक्स आता एका कडब्याच्या गंजीवर आहे आणि पावसापासून तिचे चांगले रक्षण करतो. म्हणजे खर्च वाया गेला असे म्हणता येणार नाही.

या सगळ्यात एक अपवाद होता, तो येथे नोंदवणे भाग आहे.

गावाच्या उत्तरेला, माळाच्या कडेला, भामाबाई आणि तिचा नवरा सटवा राहतात. तेवीस शेळ्या आहेत. भामाबाई दर वर्षी दोन एप्रिलला (एक तारखेला बँका बंद असतात, हे तिला कुणीतरी सांगितले आहे; ती बँकेत कधी गेलेली नाही) पंचायतीत येते, पदराच्या गाठीतून तीनशे चाळीस रुपये काढते आणि पावती घेते. अशा बावीस पावत्या तिने बिस्किटांच्या मोठ्या पुड्याच्या पिशवीत ठेवल्या होत्या.

तिच्या दारासमोर नळ आहे. चार वर्षांपूर्वी एका योजनेत सिमेंटचा खांब पुरून त्यावर तो बसवला. खांबाला निळा रंग दिला, नळाचा फोटो काढला, फोटो सरकारी पोर्टलवर चढवला आणि योजना पूर्ण झाली. पाइप मात्र तिच्या घराच्या अलीकडेच संपतो. किती अलीकडे, ते मी टेपने मोजले : ११२० फूट. शेळ्या त्या नळाला मान घासतात. भामाबाई पाइप संपतो तिथून रोज डोक्यावर सहा हंडे आणते. पाइपसाठी तिने चार अर्ज केले. चारही वेळा उत्तर मिळाले, दोनदा तर लेखी : ‘वसुली झाल्यावर विचार करण्यात येईल.’ म्हणून ती वसुली करत होती. जेवढी तिच्या हातात होती तेवढी.

डिसेंबरात सरपंच अर्जुनरावांनी बैठक बोलावली.

‘‘काय बे सायन्स,’’ ते मला म्हणाले, ‘‘किती भरतंय?’’

‘‘अकरा टक्के.’’

‘‘अन् लागतंय किती?’’

‘‘नव्वद.’’

‘‘मग लिही की नव्वद. कावून बसला?’’

टक्केवारी हाताने लिहिता येत नाही, ती संगणक स्वतः काढतो, असे भाऊसाहेबांनी सांगितले. अर्जुनराव उदास झाले. ज्या यंत्राला चहा पाजता येत नाही, त्याच्याशी त्यांचा आजवर संबंध आला नव्हता.

तेव्हा मी एक गोष्ट सांगितली. ती पाचवीच्या गणितात आहे, त्यामुळे तिचे श्रेय मी घेत नाही. पण सांगितली मीच, हे नोंदवून ठेवतो. अपूर्णांक वाढवण्याचे दोन मार्ग असतात. अंश वाढवावा, किंवा छेद कमी करावा. वसुली हा अंश, मागणी हा छेद. वसुली वाढवायला गावाची परवानगी लागते. मागणी कमी करायला फक्त आपली.

मी हे विनोदाने बोललो होतो. भाऊसाहेबांनी पुस्तिकेत टिपून घेतले.

काम जानेवारीत सुरू झाले. आधी पडकी आणि वारस नसलेली ३८ घरे गेली, त्यात गैर काहीच नव्हते. मग ऊसतोडीला जाणारी २१४ घरे घेतली. ही घरे दसऱ्यानंतर कुलूप लावून जातात आणि पाडव्याच्या पुढेमागे परततात. सहा महिने नसलेले घर अर्धेच असते, असा ठराव झाला. दोन अर्धी मिळून एक, या हिशेबाने २१४ची १०७ झाली. जोड्या संगणकाने लावल्या. त्याने धर्मराज आणि अभिमन्यू यांना एका घरात घातले. या दोघांत बांधावरून नऊ वर्षे बोलणे बंद आहे. धर्मराजचा कर्नाटकातल्या उसाच्या फडावरून फोन आला.

‘‘मी त्याच्यासंगं एका घरात ऱ्हातो? कवापासून बे?’’

‘‘एक जानेवारीपासून.’’

‘‘मग भाकरी कोन थापतंय, ते बी बघून ठिव,’’ असे म्हणून त्याने फोन ठेवला.

एवढ्याने टक्केवारी १४.४ झाली. पुढे मोठे बंगले आले. बंगला हा गोठा दाखवला तर त्याला घरपट्टी नसते. अर्जुनरावांपासून सुरुवात करून दहा गोठे झाले. अर्जुनरावांचा दुमजली असून वरच्या गोठ्याला एसी आहे. गोठ्याच्या नोंदीत जनावरांची संख्या भरावी लागते. ‘‘घरातली माणसं मोज,’’ अर्जुनराव म्हणाले. मी सहा लिहिले. टक्केवारी अठरा.

इथून पुढे शास्त्रशुद्ध मार्ग एकच होता. जे भरत नाहीत, ते नाहीत. तशी नोटीस काढून तीन दिवसांत हरकती मागवल्या. नोटीस कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवली होती (बाहेर कागद उडतो), तरी ती गावभर झाली. हरकत एकही आली नाही. उलट पेढे आले. मी ‘वगळा’ हे बटण ३९९ वेळा दाबले. बोट दुखले म्हणून आकडा लक्षात आहे.

आता रजिस्टरात गेल्या वर्षी कर भरलेली ५८ घरे उरली. त्यांना बिले वाटली. पहिल्या आल्या रतनबाई, अंगणवाडीच्या निवृत्त मदतनीस, ज्यांची एक दिवसाचीही थकबाकी कधी नव्हती.

‘‘भाऊसायब, त्यांनी भरली न्हाई म्हनून त्यांचं नाव खोडलं. आमी भरली म्हनून आमचं ऱ्हायलं. आमचा काय गुन्हा?’’

भाऊसाहेबांनी पुस्तिका चाळली. गुन्हा सापडला नाही. मार्चअखेर सत्तावन्न घरे स्वखुशीने वगळली गेली. अठ्ठावन्नावे भामाबाईचे होते. तिच्यापर्यंत बातमी पोचली नव्हती, आणि पोचली असती तरी तिला वगळून घ्यायचे नव्हते. तिला पाइप हवा होता. यंदा वसुली होणार असे ऐकून ती दोन एप्रिलची वाट न पाहता तीस मार्चलाच पैसे भरून गेली.

मागणी ३४०. वसुली ३४०. शंभर टक्के.

ढाल आणायला पाच गाड्या गेल्या. खर्च १८,६०० रुपये. बक्षीस प्रति घर पाचशे या दराने होते, ते पाचशे मिळाले. फेटे बांधले गेले. अर्जुनरावांनी भाषणात सांगितले की बोरटाक्यात आज एकही थकबाकीदार नाही. हे वाक्य पूर्णपणे खरे होते, आणि त्यांच्या भाषणात असे वाक्य प्रथमच ऐकल्याची नोंद मी घेतली.

चार दिवसांनी भामाबाई आली.

‘‘भाऊसायब, वसुली झाली म्हनं.’’

‘‘झाली. शंभर टक्के.’’

‘‘मग पाइप?’’

भाऊसाहेबांनी चष्मा पुसला. ‘‘पाइपला किमान दहा घरं लागतात, भामाबाई. गावात एकच घर आहे.’’

‘‘कुनाचं?’’

‘‘तुमचं.’’

भामाबाईने खिडकीतून बाहेर पाहिले. सकाळची वेळ होती. सगळे गाव जिथल्या तिथे होते.

‘‘अन् ही?’’

‘‘ही मोकळी जागा.’’

‘‘मोकळ्या जागंतून धूर कावून निघतोय मग?’’

भाऊसाहेबांनी मला धुराची नोंद घ्यायला सांगितले. मग त्यांनी तिला नवे बिल दिले. पुस्तिकेच्या पान ५२ प्रमाणे ग्रामपंचायतीचा संपूर्ण वार्षिक खर्च, म्हणजे वीज, शिपाई, पाच गाड्या आणि ढालीसाठी काचेचे कपाट, गावातल्या घरांत समान वाटायचा असतो. एरवी वरून निधी येतो. पण निधी लोकसंख्येवर येतो आणि रजिस्टरप्रमाणे बोरटाक्याची लोकसंख्या दोन होती. भामाबाईला वाचता येत नाही. तिने बिल माझ्यापुढे धरले.

‘‘सहा लाख बेचाळीस हजार,’’ मी वाचले.

‘‘ह्यात माझं किती?’’

‘‘सगळं.’’

तिने पदराची गाठ चाचपली. सोडली नाही.

‘‘मग मला बी खोडा.’’

असे कुणी म्हणेल याचा विचार पुस्तिकेत नाही. ती खोडली गेली तर मागणी शून्य, वसुली शून्य. शून्याला शून्याने भागता येत नाही. भौतिकशास्त्रात अशा ठिकाणी सिद्धांत कोसळतो. प्रशासनात ढाल परत मागतात.

त्याच संध्याकाळी अर्जुनराव स्वतः माळावर गेले. मागे भाऊसाहेब, त्यांच्यामागे मी.

‘‘बसा,’’ भामाबाई म्हणाली. ‘‘पानी दिलं असतं, पर आनाया जावं लागंल. अर्धा तास थांबता का?’’

‘‘ऱ्हाऊ द्या. भामाबाई, तुमी गेलात तर गाव ऱ्हात न्हाई.’’

‘‘गाव तर तुमीच खोडलं.’’

‘‘आता तुमी म्हंजेच गाव.’’

‘‘मग गावाला पानी द्या की, मालक.’’

सटवा बाजेवर बसून हसला. त्याला खूप दिवसांनी हसू आले असावे, शेळ्या दचकल्या.

अर्जुनरावांनी शब्द दिला आणि दुसऱ्याच दिवशी पाळायला घेतला. ट्रॅक्टरवरून वीस फुटांचा एक पाइप आला. तो भामाबाईच्या नळाला जोडला, अर्जुनरावांनी त्यावर हात ठेवला आणि फोटो वर चढवला. उरलेले अंतर ११०० फूट, प्रगती १.८ टक्के. ‘सुरुवात झाली’ असे शीर्षक दिले. पाइपचे दुसरे टोक उघडेच होते. एका करडाने त्यात तोंड घालून पाहिले आणि बाहेर काढले.

आठवड्याने भामाबाई आणि सटवा शेळ्या घेऊन तिच्या भावाकडे नांदूरघाटाकडे निघाले. जाताना ती पंचायतीत डोकावली. तिथे नळ आहे का, असे मी विचारले.

‘‘नळ न्हाई,’’ ती म्हणाली. ‘‘पानी हाय.’’

मग पावत्यांची पिशवी तिने माझ्या टेबलावर ठेवली. ‘‘ठिव. तुमच्या वसुलीला कामी यील.’’

तेव्हापासून बोरटाक्यात शांतता आहे. तक्रारी निरंक, थकबाकी निरंक, अर्ज निरंक. तीन ग्रामपंचायतींची शिष्टमंडळे ढाल पाहून गेली आणि छेदाची माहिती वहीत उतरवून घेऊन गेली. अडचण एकच. एकही घर नसलेले गाव संगणक स्वीकारत नाही, त्यामुळे येत्या मार्चपूर्वी बोरटाक्याला एक करदाता तातडीने हवा आहे. अट एवढीच की गेल्या वर्षीची घरपट्टीची पावती स्वतःच्या हाताने दाखवता यावी. सोय : एक नळ, वीस फूट पाइप आणि संपूर्ण गाव.

आतापर्यंत मी ही हकीकत त्रेसष्ट जणांना सांगितली. शिकलेली, नोकरदार, रस्ता आणि पाणी यांवर तासभर बोलू शकणारी माणसे. सगळे योग्य त्या ठिकाणी हसले. पावती एकाकडेही नव्हती.

तुम्हीही हसला असाल. आता उठा आणि पावती शोधा. (कपाटाचा वरचा कप्पा? लाइट बिलांच्या खाली?) सापडली तर लगेच कळवा, भाऊसाहेब गाडी पाठवतील. नाही सापडली तर संकोच करू नका. मोकळी जागा म्हणून तुमचीही नोंद करता येते, माझे बोट आता बरे आहे. फक्त चूल जपून पेटवा. धूर दिसतो.