नानाजींची तक्रार आणि रात्रीची बासरी

सोमवारी सकाळी नानाजींच्या धानाच्या तीन बांध्यांत रानडुकरांच्या खुरांचे ठसे एकशे बारा होते, लोळून केलेले खड्डे चार, आणि आडवा झालेला धान साधारण दोन खाटांएवढा. करिष्माने ठसे पुन्हा मोजले, कारण बी.एस्सी. झालेल्या माणसाने एकदाच मोजून विश्वास ठेवू नये. पुन्हा एकशे बाराच भरले.

"तुयं विज्ञान झोपलं होतं का रातच्यानं?" नानाजींनी शेताच्या कडेच्या धुऱ्यावरून विचारलं.

नानाजी तिचे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. आरमोरीकडच्या त्यांच्या गावात धान निसवून लोंब्या आल्या की माणसं मचाणीवर रात्र काढतात आणि ओरडून डुकरं हाकलतात. यंदा नानाजींची कंबर धरली. तेव्हा करिष्माने चारचौघांत जाहीर केलं होतं, की मोठेबाबांनी घरी झोपावं, ओरडायचं काम विज्ञान करील! जुना मोबाइल, सौर पॅनलवरची बॅटरी, वरातीतून निवृत्त झालेला भोंगा, आणि त्यावर इंटरनेटवरच्या 'जनघोष' रेडिओची चर्चेची वाहिनी. तिथे चार माणसं एकमेकांना बोलू न देता चोवीस तास बोलत. डुकरं त्या दिशेला तोंडसुद्धा करीनात. शेजारच्या नीलाबाईंनीही तसाच भोंगा बसवला.

आणि रविवारी जनघोषने, श्रोत्यांच्या सोयीसाठी, आपल्या तीन वाहिन्यांची मिळून एक केली. दिवसा गाणी, रात्रभर मंद बासरी. डुकरं सहकुटुंब आली आणि निवांत झाली.

कापणीला आठवडा होता. सोमवारी रात्री नानाजी हट्टाने मचाणीवर चढले. मंगळवारी सकाळी त्यांना दोघांनी धरून उतरवावं लागलं. आता वाहिनी परत येईल, नाही तर घरचा वर्षाचा भात डुकरं खातील, असा सरळ हिशेब होता.

करिष्माने जनघोषच्या श्रोता कक्षाला फोन लावला. स्वाती नावाच्या मुलीने गोड आवाजात विचारलं, की नवी वाहिनी ऐकायला तुमच्याकडे रात्री किती जण येतात? करिष्मा पडली काटेकोर. ठशांवरून मोठे सात आणि लहान चार, असं तिने सांगितलं. आणि जुन्या वाहिनीला? एकही नाही. स्वातीने तिचं मनापासून अभिनंदन केलं.

नानाजींनी फोन हिसकावून घेतला. मचाणीवर तीस वर्षं ओरडलेल्या माणसाला फोनवर हळू बोलता येत नाही. "कोणाले इचारून बदलवलं? काऊन बदलवलं? हट! चर्चा पायजे मले, बासरी नाई पायजे! हट, हट!"

मग त्यांनी नंबर नीलाबाईंना दिला, नीलाबाईंनी आख्ख्या गावाला. कोणी स्वतःच्या वाहिनीची तक्रार केली, कोणी सोबत विजेचीही करून घेतली. जनघोषवाले हरखले. एवढ्या जिव्हाळ्याने त्यांना आजवर कोणी शिव्या दिल्या नव्हत्या! आपण श्रोत्यांचं ऐकतो हे दाखवायला त्यांनी त्याच रात्रीपासून बासरी बंद केली आणि त्या जागी रेकॉर्ड केलेल्या तक्रारी लावल्या. सुरुवात नानाजींपासून.

नानाजींची बायको शकुबाई रात्री दचकून उठली. वावरातून नवऱ्याचा "हट, हट" ऐकू येत होता आणि नवरा शेजारी घोरत होता. खरा कोणता, हे पाहायला तिने शेजारच्याला कोपर मारून पाहिलं.

बुधवारी सकाळी ठसे शून्य. गुरुवारी, शुक्रवारी, शनिवारीही शून्य. करिष्मा पारावर आवाजाच्या लहरी समजावून सांगू लागली.

शनिवारी दुपारी जनघोषने घोषणा केली: तक्रारी मान्य, सोमवारपासून चर्चेची वाहिनी परत. कापणारेही सोमवारचेच ठरले होते. मधे फक्त दोन रात्री.

"मोठेबाबा, कापणी होईस्तोवर आता फोन करू नका," करिष्मा म्हणाली.

"असं कसं, पोरी? त्यायनं आपलं आयकलं. आभार नाई मानाचे का? चांगलं नाई दिसत ते."

रविवारी त्यांनी गोठ्यात जाऊन गुपचूप फोन लावला. शाळेत शिकलेली मराठी काढली, आणि पाळण्यातलं बाळ उठू नये अशा आवाजात म्हणाले, "आपले मनःपूर्वक आभार. आम्ही सर्व जण समाधानी आहोत. अशीच कृपा असू द्यावी."

आठवडाभर शिव्या खाल्लेल्या स्वातीचे डोळे भरून आले. ह्याच फोनचं रेकॉर्डिंग तिने रविवारी रात्रभर वाहिनीवर पुन्हा पुन्हा लावलं, मागे हलकी बासरी सोडून.

सोमवारी सकाळी कापणारे विळे घेऊन धुऱ्यावर थांबले होते आणि करिष्मा मोजत होती. तिने पुन्हा मोजलं. ठसे एकशे सदतीस. आडवा धान पाच खाटांएवढा. लोळण्याचे खड्डे सहा, त्यांतला एक बरोबर भोंग्याखाली.