सिद्रामप्पांचा गप्प डबा

कॉलेजात जाईपर्यंत आमच्या घरात कुणी हळू बोललेलं मी ऐकलं नव्हतं. सोलापुरात आमची एकच खोली आणि भिंतीपलीकडं टॉवेलचा कारखाना. बारा यंत्रमाग. आई विड्या वळता वळता ओरडायची. दादा, म्हणजे माझे वडील, त्याच कारखान्यात मागावर उभे राहून कानानं मंद होत चालले होते, ते आणखी ओरडायचे. त्या खडखडाटात अभ्यास करून मी इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर झालो. घराण्यातला पहिला. हे मीच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

पण सांगायचं होतं ते सिद्रामप्पांविषयी. हा माणूस रेकॉर्ड लावतो आणि गाणं सुरू व्हायच्या आत सुई उचलतो.

सुरुवातीची रिकामी खाच तेवढी ऐकायची, डोळे मिटून. मग सुई पुन्हा मागं. "गाणं कुणीबी वाजवतंय वो. गप कोण बसतंय ते बगायचं."

अप्पा त्याच कारखान्यातले जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. मूळचे अक्कलकोटकडचे, रागावले की कानडीत शिरणार. स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनवर, मूठ कानाला, की कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगून मोकळे. पाळी सुटल्यावर ते आणि दादा समोरच्या चहाच्या हॉटेलात गाणी ऐकत बसायचे. ते हॉटेल बंद पडलं तेव्हा तिथली रेकॉर्डींची पेटी अप्पांनी उचलून घरी आणली. मागाहून एक जुना प्लेअर आणला. अडलं ते फोनो प्रीॲम्पवर. सुईतून येणारा आवाज अगदीच क्षीण असतो, तो या डब्यातून मोठा करून पुढं पाठवावा लागतो. मी अप्पांना हे आकृती काढून समजावलं.

"म्हंजे निरोप्या की," अप्पा म्हणाले. "निरोप्यानं पदरचं काय घालायचं न्हाई."

मग सहा महिने या माणसानं निरोपे तपासले. ओळखीपाळखीनं, दुकानदारांच्या हातापाया पडून, एका दिवसाच्या बोलीवर डबे आणायचे. स्क्रूड्रायव्हर डब्यावर, मूठ कानाला, शेजारी दादांना बसवलेलं. डब्यानं जरा घूं केलं की "सुम्निर!" असं कानडीत त्यालाच दटावायचं, म्हणजे गप्प बस, आणि दुसऱ्या दिवशी परत नेऊन द्यायचा. एका दुकानदारानं त्यांना येताना पाहून शटर निम्मं ओढलं, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. अखेर पसंत पडला तो साबणाच्या डबीएवढा, पत्र्याचा, सगळ्यांत स्वस्तातला एक.

मी हसलो. पण ते हसू टिकलं नाही, कारण दादा रोज संध्याकाळी तिथं जाऊन बसू लागले. आता आम्ही नव्या घरात राहतो, अप्पा रस्त्यापलीकडं. माझ्या गॅलरीतून सगळं दिसायचं. दोन खुर्च्या, दोन कपबशा आणि मान डोलावणारे माझे दादा. माझ्या फर्स्ट क्लासला ती मान एवढी हलली नव्हती.

मी चंगच बांधला. नवाकोरा प्लेअर घेतला आणि अप्पांच्या डब्याच्या दहापट किमतीचा प्रीॲम्प. वायरी कपाटामागं नीट बांधून टाकल्या. लोंबणारं काही मला चालत नाही. दादांना सोफ्यावर बसवलं आणि त्यांच्या आवडीच्या भजनांची रेकॉर्ड लावली.

पाच मिनिटांत दादा उठले. "जरा पाय मोकळे करून येतो."

पाय मोकळे झाले ते अप्पांच्या खुर्चीत.

असं चार वेळा झालं. बायको म्हणाली, "अहो, तुमची सवत आहे का ती?" मला अगदी तसंच वाटत होतं.

एका रविवारी संध्याकाळी अप्पाच दारात. हातात तोच स्क्रूड्रायव्हर. "सर, तुमचा भारीतला डबा बगू द्या की जरा." मी पॉलिटेक्निकात शिकवायला लागल्यापासून ते मला सर म्हणतात. मी आनंदानं आत घेतलं. म्हटलं, बघा आणि जळा.

त्यांनी रिकाम्या खाचेवर सुई ठेवली, डोळे मिटले.

"घूं हाय."

"कुठं?" मला खरोखर काही ऐकू येत नव्हतं.

"तुमास्नी न्हाई यायची. भिंतीपल्याड बारा माग चालू असताना वाढलाय तुमी. एवढी घूं म्हंजे तुमाला शांतताच की."

ते कपाटामागं वाकले. मी छान गुंडाळून, रबर लावून ठेवलेली एक बारीक वायर सोडवली आणि प्रीॲम्पच्या स्क्रूखाली आवळली. अर्थिंगची वायर. जी जोडायला मी दर वर्षी नव्या वर्गाला पहिल्याच आठवड्यात शिकवतो.

घूं थांबली. थांबल्यावर मला कळलं की ती होती.

"दादा मला का नाही बोलले?"

"एवढं शिकल्यालं पोरगं, त्याला कसं सांगू घरघरतंय म्हणून, असं म्हनला. घूं असली की शब्द कळत न्हाईत त्याला. मागावर उभारल्यागत होतंय." अप्पांनी स्क्रूड्रायव्हर धोतराला पुसला. "माझा डबाबी त्याच्याच कानानं निवडला वो. मला एकट्याला काय, कसलाबी चालला असता."

"चहा घ्या की."

"नगं. आज तुमी दोगं बसा."

ते रस्ता ओलांडून गेले. मी गॅलरीतून पाहिलं. अप्पांनी दुसरी खुर्ची मिटली आणि भिंतीला टेकवून ठेवली. हाक मारायला हवी होती. मारली नाही. तेवढी एक संध्याकाळ मला दादा एकट्याला हवे होते. हाक मी दुसऱ्या दिवशी मारली, खुर्ची घेऊन या म्हटलं, आणि तेव्हापासून ते रोज येतात.

पण त्या रविवारी आम्ही दोघंच होतो. दादांनी रेकॉर्डची एक बाजू पूर्ण ऐकली. मधे एकदाही उठले नाहीत.