हालु आणि हाळु

"अक्का, इल्ली सही माड्री," म्हणत पंचायतीचे विकास अधिकारी प्रभंजन यांनी ठराववहीच्या कोऱ्या पानावर बोट ठेवलं.

लीला झोरे ही कर्नाटकातल्या अळणावरकडच्या गवळीवाड्यातून निवडून आलेली पहिली सदस्य. तीन वर्षं ती कोऱ्या पानावर सही करत आली होती. पंचायतीची रीतच तशी, सह्या आधी आणि मजकूर मागाहून. जंगलातल्या माणसाला खुर्ची द्यायची, तोंड द्यायचं नाही. पण धाकटी सून अनिता सातव्या महिन्यात होती आणि थोरली गेल्या पावसात वाटेतच, चिखलात बाळंत झाली होती. म्हणून लीलानं मोडक्या कन्नडात तोंड उघडलं. "साहेब, नम्म वाडा, रस्ता हाळु."

कन्नडात नम्म म्हणजे आमचा, हाळु म्हणजे खराब आणि हालु म्हणजे दूध. गवळ्याची बाई दुधाशिवाय काय बोलणार? साहेबांनी हालु ऐकलं आणि मान वर न करता लिहून टाकलं, गवळीवाड्याला रस्त्याकडेला दूध केंद्र.

रस्त्याचा अर्ज नऊ वर्षं धूळ खात होता. ही चूक मात्र दोन महिन्यांत मंजूर झाली.

उद्‌घाटनाला साहेब जीपमधून निघाले. सोबत काटा, कॅन, हार आणि लीलाच्या सहीसाठी वही. वाड्याच्या अलीकडे जीप चिखलात रुतली. साहेब उतरले, बूट चिखलातच राहिला. ड्रायव्हर सागरनं रेटा दिला तशी जीप आणखी खाली गेली.

लीला आणि अनिता बांधावर येऊन उभ्या राहिल्या.

"अक्का, म्हशी आणा. दोर लावू."

"आणते की. रस्ता कसा हाय म्हणालात?"

"पूर्ण हाळु."

"हालु?"

"हाळु, हाळु." साहेबांनी जीभ टाळूला लावून सांगितलं.

"मग लिवा तसं."

"सभेशिवाय ठराव होत नाही अक्का."

"दुधाचा कुठल्या सभेत झालता?"

सागरनं तोंड फिरवलं. साहेबांनी बॉनेटवर वही ठेवून लिहिलं. कन्नड शाळेत सातवी शिकलेल्या अनितानं बोट ठेवत वाचलं. "ळच हाय, आत्ती." मगच लीलानं सही केली आणि मगच म्हशी आल्या.

जीप चिखलातून निघाली. लीलानं मागचं दार उघडून अनिताला बसवलं, मांडीवर गाठोडं दिलं. "हिला धारवाडला हिच्या बहिणीकडं सोडा. नववा लागलाय."

"अहो, ठराव झाला की आता."

"झाला. पर पोर वहीत बसून दवाखान्यात जात न्हाई, साहेब."