थ्री नॉट थ्री केवढ्याला पडली

आपल्याला कोणत्या वस्तूची गरज आहे, हे त्या वस्तूची किंमत कळेपर्यंत माणसाला सांगता येत नाही. हा नियम साऱ्या मानवजातीला लागू आहे. पण नॉर्थ कॅरोलायनातल्या मॉरिसव्हिल गावी राहणारा, कॉम्प्युटरवर पोट असणारा मराठी माणूस तो ज्या निष्ठेने पाळतो, तेवढ्या निष्ठेने तो चातुर्माससुद्धा पाळत नाही. प्रल्हादच्या गराजमध्ये बर्फ उपसायचं यंत्र होतं (त्या गावात बर्फ वर्षातून एकदा पडतो आणि दुपारपर्यंत वितळतो), एक होडी होती (त्याला पोहता येत नाही), आणि सहा माणसांचा तंबू होता (घरात माणसं तीन, आणि तिघांपैकी कोणालाही जमिनीवर झोप लागत नाही). यातली एकही वस्तू त्याने घेतली नव्हती. त्या सगळ्या त्याला पडत्या भावात मिळाल्या होत्या, आणि घेणं आणि मिळणं यांत फरक आहे.

तेव्हा २००५ सालच्या ऑगस्टमध्ये परीक्षितचा फोन आला आणि त्याने लष्कराच्या मोडीतली रायफल अमुक किमतीला मिळते असा आकडा सांगितला, तेव्हा प्रल्हाद बसला होता तो उठून उभा राहिला. परीक्षित मूळचा नागपूरचा. सवलतीच्या कूपनांबाबत त्याचा शब्द आमच्या भागात अखेरचा मानला जातो. त्याच्या बायकोचं डोहाळजेवणसुद्धा एका रेस्टॉरंटच्या 'दोनांवर एक मोफत'ची मुदत पाहून ठरलं होतं.

"यार, इतक्यात तर गराजचं दार उघडायचा रिमोट येत नाही," परीक्षित म्हणाला. "आणि पुढचं ऐक. इंडियन आहे. आपल्या आर्मीची थ्री नॉट थ्री."

भारतात हीच बंदूक बँकेच्या दारात स्टुलावर बसलेल्या हवालदाराच्या मांडीवर असते, आणि प्रल्हादने आयुष्यात तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. पण तिथे ती विकायला नव्हती.

आता प्रल्हादला बंदूक हवी होती हे म्हणणं अगदीच निराधार नव्हतं. आदल्या वर्षी आमच्या मराठी मंडळाची खंडेनवमीची शस्त्रपूजा त्याच्याच घरी झाली होती. पाटावर एक विळी, दोन स्क्रूड्रायव्हर आणि मंडळातल्या एकाचा लॅपटॉप मांडला होता. पुण्याहून आपल्या मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले पुरुषोत्तमकाका पाटासमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "शस्त्रपूजा आहे का कोशिंबिरीची तयारी?" सगळे हसले. प्रल्हादही हसला, पण ते त्याच्या मनाला लागलं. त्याचे पूर्वज पानिपतावर गेले होते. (परतही आले होते. कसे परत आले, याविषयी त्या घरात बोलत नाहीत.) यंदाही पूजा त्याच्याकडेच होती, आणि यंदा पाटावर विळी दिसणार नाही असा त्याने मनाशी पण केला होता.

सुहासिनीने, म्हणजे त्याच्या बायकोने, सगळं ऐकून घेतलं. ती पाटणची, सातारा जिल्ह्यातली. तिच्या गावाकडे घरटी एक माणूस पलटणीत. तिचा स्वतःचा एक चुलता पासष्टच्या लढाईत गेला, आणि घरी आली ती त्याची ट्रंक. बंदुकीला ती भ्यायची नाही. तिने प्रल्हादला एकच विचारलं, की कशासाठी हवी आहे. याचं एक सरळ उत्तर दे आणि खुशाल आण. उत्तर नसताना आणलीस, तर मी वल्लरीला घेऊन पिस्कॅटवेला आश्लेषाकडे जाईन. आश्लेषा तिची धाकटी बहीण. वल्लरी त्यांची मुलगी, वय वर्षे आठ.

प्रश्न सोपा वाटला म्हणून प्रल्हादने तो शेवटी सोडवायला ठेवला. परीक्षेत त्याची हीच पद्धत होती.

आधी कायदा पाहणं भाग होतं. प्रल्हाद कामाच्या व्हिसावर होता, आणि अमेरिकेचं म्हणणं असं, की अशा पाहुण्या माणसाने बंदूक विकत घेऊ नये. हे म्हणणं रास्तच आहे. पण कायदा निर्दय नसतो. त्यात पुढे अशी सोय आहे, की त्या पाहुण्याजवळ शिकारीचा परवाना असेल तर हरकत नाही. म्हणजे ज्या परक्या माणसाचा बंदूक चालवायचा काहीच इरादा नाही, त्याला ती मिळणार नाही. जो कोणाला तरी मारणार आहे, त्याने खुशाल घ्यावी. प्रल्हादला यात काही वावगं दिसलं नाही. त्याने शिकाऱ्यांच्या शिक्षणवर्गात नाव घातलं.

प्रल्हाद शुद्ध शाकाहारी आहे. श्रावणात तो कांदा-लसूणही सोडतो, आणि वर्ग नेमका श्रावणात होता. सरकारी शाळेच्या उपाहारगृहात चिखलाचे बूट घातलेली बापलेकं बसली होती, आणि पहिल्या बाकावर इस्त्रीचा शर्ट घालून, चार रंगांची पेनं घेऊन प्रल्हाद बसला होता. पहिल्याच तासाला त्याने मागल्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका मिळतील का, अशी चौकशी केली. शिकवणाऱ्याला हा प्रश्न नोकरीच्या इतक्या वर्षांत कोणी विचारला नव्हता. जखमी हरणाचा माग काढण्यापूर्वी किती वेळ थांबावं, झाडावरच्या मचाणात बंदूक कशी ओढून घ्यावी, मारलेल्या जनावराचं पोट कोठून कोठवर चिरावं, हे सगळं त्याने भुवयासुद्धा न हलवता पाठ केलं. पेपरात त्याला पैकीच्या पैकी मिळाले. ज्यांच्या तीन पिढ्या जंगलात गेल्या, त्यांतले दोघे नापास झाले.

निकाल कळताच मंडळातल्या आणखी पाच जणांनी नावं घातली. त्यांना बंदूक नको होती, पण परीक्षा सोपी आहे असं कळलं होतं. प्रल्हादच्या नोट्स हातोहात फिरल्या. आमच्या अंदाजाप्रमाणे (अंदाज आमचाच, आणि मोजणीही आम्हीच केली) त्या मोसमात मॉरिसव्हिल परिसरातल्या नव्या शिकाऱ्यांपैकी निम्मे अंडंसुद्धा न खाणारे होते. हरणांच्या दृष्टीने एवढं चांगलं वर्ष पुन्हा आलेलं नाही.

आता राहिली निवड. स्वस्तात रशियाची मिळत होती, युगोस्लाव्हियाची मिळत होती आणि आपली. परीक्षितने तुलनेसाठी निकष काढले ते असे: गंज किती, वजन किती, सुटे भाग मिळतात का, पुढे विकल्यास भाव काय येईल, आणि आवडली नाही तर तीस दिवसांत परत घेतात का. शेवटच्या निकषामागे अनुभव होता. भारतवारीच्या आधी व्हिडिओ कॅमेरा घ्यायचा, मुंजी-लग्नं उरकायची आणि परत आल्यावर 'रंग पसंत नाही' म्हणून दुकानात देऊन टाकायचा, ही रीत आमच्याकडे सुशिक्षित घरांतून चालत आलेली आहे. खंडेनवमी झाली की बंदूक परत, असा परीक्षितचा साधा हिशेब होता. बंदुकीतून गोळी नीट सुटते का, हा निकष नव्हता, कारण गोळ्या घ्यायच्याच नव्हत्या. गोळ्या स्वस्त नव्हत्या.

सुहासिनीचा प्रश्न मात्र स्वयंपाकघरात उभाच होता. प्रल्हादने मधल्या काळात उत्तरं देऊन पाहिली. पूजेसाठी, म्हणाला. ती म्हणाली, पूजा विळीची झाली होती आणि वर्ष चांगलं गेलं. संरक्षणासाठी, म्हणाला. ती म्हणाली, बिनगोळीची बंदूक उगारशील आणि समोरचा गोळी असलेली उगारेल. इतिहास म्हणून, म्हणाला. यावर ती काही बोलली नाही, आणि प्रल्हादने ती संमती धरली.

दुकान राले शहराच्या पलीकडे हमरस्त्याला होतं. दुकानदार पांढऱ्या मिशांचा, एक पाय ओढत चालणारा म्हातारा. तोही कधीकाळी कुठल्या तरी युद्धावर जाऊन आलेला. त्याने बंदूक काउंटरवर ठेवली. पोलादावर वर्षानुवर्षांचं घट्ट ग्रीस थापलेलं होतं, पण दस्त्याचं लाकूड त्याने स्वतः पुसून घेतलं होतं. बंदूक परत घेत नाही, हे त्याने आधीच सांगितलं. परीक्षितचा चेहरा पडला. मग म्हाताऱ्याने दस्ता उजेडात तिरका धरला. तळाशी, हात पडेल तिथे, टोकदार काहीतरी घेऊन बारीक काही कोरलं होतं.

म्हातारा म्हणाला, हे काय आहे ते मला कोणी सांगत नाही. तुम्ही त्या देशाचे दिसता. नुसते ओरखडे असले तर खराब माल म्हणून दहा टक्के सोडतो. पण कोणाचं नाव असेल तर गोष्ट वेगळी. नाव असलेली बंदूक मी भाव पाडून विकत नाही. मग तिची काय ती चौकशी करतो.

प्रल्हादने वाकून पाहिलं. अक्षरं देवनागरी होती, वळणदार नव्हती पण स्वच्छ होती. *ज. ल. शेलार, मु. पो. वाघजाईवाडी.* सरकारी बंदुकीवर असं कोरणाऱ्या शिपायाला शिक्षा होत असणार. तरी त्याने गावाचा पत्ता घातला होता, जसा प्रल्हादच्या वडिलांनी त्याच्या पहिल्या अमेरिकावारीच्या सूटकेसवर ऑइलपेंटने घातला होता.

प्रल्हादच्या मनात काय आलं, हे सांगणं अवघड नाही. दहा टक्के आले.

"नो सर," तो म्हणाला. "जस्ट स्क्रॅचेस."

म्हाताऱ्याने दस्त्यावरून एकदा अंगठा फिरवला आणि भाव कमी केला. गाडीत परीक्षितने प्रल्हादचा हात हातात घेऊन दाबला. कूपनाशिवाय सवलत मिळवलेला माणूस त्याने प्रथमच पाहिला होता.

घरी आल्यावर प्रल्हादने बंदूक पाटावर ठेवली आणि ही कथा सुहासिनीला सांगितली, आणि अतिशय रंगवून सांगितली. म्हातारा कसा फसला, आपला चेहरा कसा हलला नाही, हे त्याने दोनदा सांगितलं. तेवढ्यात वल्लरी पाटाशी गुडघे टेकून बसली. ती रविवारच्या मराठी शाळेत जायची आणि बाराखडीत अडकली होती. पुस्तकाबाहेर कुठे मराठी दिसलं तर पोर वाचायला शिकेल, असं प्रल्हाद शाळेच्या सभेत नेहमी म्हणत असे.

तिने बोट ठेवून वाचलं. "शे... ला... र. Baba, it's a guy! मु. पो. means what?"

"मुक्काम पोस्ट," सुहासिनी म्हणाली. मग तिने प्रल्हादला विचारलं, "वाघजाईवाडी आमच्या पाटणच्या वरच्या अंगाला आहे. तुला वाचता आलं होतं ना?"

प्रल्हादने सवलतीचा मुद्दा पुन्हा मांडला.

"बंदुकीवर माणूस पत्ता कशासाठी घालतो, प्रल्हाद?"

कशासाठी, हा प्रश्न त्याला या प्रकरणात दुसऱ्यांदा आला आणि दुसऱ्यांदाही सुटला नाही. सुहासिनीने त्या अक्षरांवर हळद-कुंकू वाहिलं, एक फूल ठेवलं आणि बॅग भरायला गेली. जाताना तिने एवढंच सांगितलं, की मी बंदुकीला भिऊन जात नाहीये. तो म्हातारा नाव असेल तर शोधणार होता, आणि तू ओरखडे म्हणालास. या घरात आता थोडे दिवस मला राहवणार नाही. ती आणि वल्लरी सकाळच्या विमानाने पिस्कॅटवेला गेल्या.

खंडेनवमी थाटात झाली. साठ माणसं आली. बंदुकीला झेंडूचा हार घातला होता, आणि तो नेमका दस्त्याच्या तळाशी ओढून घेतला होता. पुरुषोत्तमकाका यंदा पुण्यात होते, त्यामुळे ज्यांच्यासाठी हे केलं त्यांनी ते पाहिलं नाही. बाकी प्रत्येकाने हात जोडले, प्रसाद घेतला आणि प्रल्हादला बाजूला नेऊन एकच प्रश्न विचारला. आकडा ऐकून बायकासुद्धा हळहळल्या. सुहासिनी कुठे आहे, असं दोघींनी विचारलं, पण ते निघताना. पुढच्या पंधरवड्यात त्याच दुकानातून मंडळाने आणखी चार बंदुका उचलल्या, आणि चौघांनीही आधी दस्त्यावर काही ओरखडे आहेत का ते पाहून घेतलं.

सुहासिनी यथावकाश परत आली, कारण वल्लरीची शाळा होती. बंदूक होडी आणि तंबू यांच्या मधोमध गराजमध्ये आहे. ज. ल. शेलार कोण, ते घरी पोचले की नाही, त्यांची बंदूक समुद्र ओलांडून आली तेव्हा ते कुठे होते, याची चौकशी कोणीही केलेली नाही. करणारा एक म्हातारा होता, त्याला काही कळू दिलं नाही.

एवढं सगळं शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल तुमचे आभार मानले पाहिजेत. तुमच्या मनात अजून एक प्रश्न राहिला आहे हेही ठाऊक आहे, आणि तो शेलारांविषयीचा नाही. परीक्षितच्या फोनपासून तुम्ही तो आकडा कुठे येतोय ते पाहत आहात.