सदाभाऊंची तारीख

सदाभाऊंना तारीख विचारायची सोय नव्हती. "आज किती?" म्हटलं, की चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, "शून्य-शून्य-शून्य-एक-शून्य." म्हणजे दोन! अहो, मग दोन म्हणा ना!

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मांडवीच्या आमच्या आंबा संघाच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला. सदाभाऊ मुंबईला जाऊन तो शिकून आले आणि आम्ही कामातून गेलो. पेट्यांची यादी तारखेप्रमाणे मागितली, की ते यंत्र नुसता पहिला आकडा बघायचं आणि दहा तारीख दोनच्या आधी टाकायचं. सदाभाऊंनी क्वेरीतच, म्हणजे यादी मागायच्या हुकमातच, प्रत्येक तारखेची यंत्राच्या एक-शून्यांच्या भाषेत पाच घरं पाडली: सोळा, आठ, चार, दोन, एक. जे घर मोजायचं तिथे एक, नाहीतर शून्य. क्रम झक्क लागला. फक्त यादी छापूनही तशीच आली! पावसचे बागायतदार ती नाचवत ऑफिसात शिरले. "आमच्या पेट्या गेल्या कधी, ते माणसाच्या भाषेत सांगा!"

संघाचे साहेब भडकले. "अहो, दोनाच्या आधी एक शून्य लावलंत तरी भागतं! उद्यापासून साध्या तारखा. नाहीतर यंत्राला हात लावायचा नाही."

"नाही लावत," सदाभाऊ म्हणाले. "पण साधी तारीख टंकणार नाही म्हणजे नाही. काय करायचं ते करा!"

ज्या यंत्राला रोज स्वतःच्या रुमालानं पुसायचे, त्याच्यावर फडकं टाकून ते उठले. दुसऱ्या दिवसापासून गोदामात पेट्यांवर खिळे ठोकायला.

माझं डोकंच फिरलं. चांगलं खडसवायचं म्हणून रविवारी पावसला त्यांच्या घरी गेलो. मालूवहिनी गेल्यापासून ते तिथे एकटेच राहायचे. अंगणाच्या कडेला हापूसचं एक कलम, मग दोन रिकामे खड्डे, मग पुन्हा दोन कलमं.

"खड्डे कसले ठेवलेत? लावा की कलमं. शेजारी हसतात."

"हसू देत मेल्यांना. शून्यं आहेत ती."

एक-शून्य-शून्य-एक-एक. मी बोटांवर मांडलं: सोळा, दोन आणि एक. एकोणीस. वहिनी गेल्या ती तारीख.

तरी म्हटलं, "भाऊ, एवढा हट्ट कशाला? जिवापाड आवडतं यंत्र गेलं ना हातचं!"

"जाऊ दे गेलं तर. एकोणीस म्हटलं, की ती परत जाते रे. दर महिन्याला जाते. असं म्हटलं, की झाडं दिसतात."

मग त्यांनी कळशी उचलली. पहिल्या कलमाला पाणी घातलं आणि पुढच्या दोन्ही रिकाम्या खड्ड्यांतही तेवढंच घातलं.