पावणेसातची वाट

कोणताही समाज स्वावलंबनावाचून मोठा होत नाही, आणि स्वावलंबनाची सुरुवात घरातल्या सर्वांत लहान स्क्रू-ड्रायव्हरपासून होते. बदलीवर नाशिकहून कोलकात्याला आलेले आणि डमडमला राहणारे बँक अधिकारी उन्मेषराव यांनी हे तत्त्व एका रविवारी अमलात आणलं.

त्यांचं मनगटी घड्याळ बंद पडलं होतं. ते लग्नात सासऱ्यांनी दिलेलं. आणि सासरे जयप्रकाशराव त्याच संध्याकाळी विमानाने येणार होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले हे गृहस्थ वक्तशीरपणासाठी नावाजलेले. (कालव्याचा दरवाजा ते ठरल्या मिनिटाला उघडत. कालव्यात पाणी असणं-नसणं हा दुसऱ्या विभागाचा विषय होता.) आल्या आल्या त्यांची नजर जावयाच्या मनगटावर जाणार, याबद्दल घरात दुमत नव्हतं.

मेट्रो स्टेशनबाहेर एक घड्याळवाला बसतो. परंतु त्याच्याशी बंगालीत बोलावं लागतं, आणि उन्मेषरावांचं बंगाली मासे नाकारण्यापुरतंच विकसित झालेलं आहे. शिवाय "घड्याळाचा सेल बदलायला असं काय लागतं?" असं ते आदल्या दिवशी बायकोसमोर बोलून बसले होते. बोलून बसलेल्या माणसाला उठवणं कठीण असतं.

जेवणं झाल्यावर कामास विधिवत प्रारंभ झाला. मोबाइलवरचा व्हिडिओ पाहून, लोणी लावायच्या सुरीने मागचं झाकण उघडण्यात आलं. आत सेलशेजारी एक बारीक ठिपका होता आणि त्याच्याजवळ इंग्रजीत 'दाबा' असं लिहिलं होतं. ज्याची उभी नोकरी छापील सूचना पाळण्यात गेली, त्याने दुसरं काय करावं? उन्मेषरावांनी दाबलं. सेल जागचा हलला नाही; काटे जुळवायची बाहेरची किल्ली मात्र, दांडीसकट, अलगद त्यांच्या हातात आली.

पुढे नवा सेल बसला, सेकंदकाटा चालू लागला. किल्लीही परत भोकात गेली, पण ती नुसतीच फिरे. काटे तिला जुमानत नव्हते. (वरिष्ठ फिरतात आणि खालचे हलत नाहीत, हा प्रकार बँकेत परिचयाचा असल्याने उन्मेषराव डगमगले नाहीत.) घड्याळात पावणेसात वाजले होते. बाहेर टळटळीत दुपार होती.

कादंबरीने, म्हणजे त्यांच्या पत्नीने, विचारलं, "आता?"

"घड्याळ वेळेला जुळवता येत नसेल," उन्मेषराव शांतपणे म्हणाले, "तर वेळेने घड्याळाला जुळावं. सेल काढून ठेवतो. पावणेसात वाजले की घालतो."

या युक्तिवादात आम्हाला आजतागायत चूक सापडलेली नाही.

"आणि बाबांना आणायला कोण जाणार?"

"तू. ते तुझे बाबा आहेत."

ती एकटीच विमानतळावर गेली. बापलेक घरी पोचले तेव्हा उन्मेषराव जमिनीवर पाटापुढे बसले होते. डोळ्याला भिंग, चिमट्यात सेल.

"बाबा, नमस्कार. उठता येत नाही."

"काय झालं? कंबर धरली का?"

"पावणेसात व्हायचेत."

कादंबरीने थोडक्यात खुलासा केला. जयप्रकाशराव रागावतील, निदान हसतील, अशी तिची अपेक्षा होती. पण ठरल्या मिनिटाला काहीतरी सोडायचं आहे एवढंच त्यांच्या कानात शिरलं आणि निवृत्तीनंतर प्रथमच त्यांचा चेहरा उजळला. बूट काढून ते पाटापलीकडे मांडी घालून बसले.

"बाबा, निदान पाणी तरी घ्या."

"नंतर. उन्मेषराव, मी सांगेन तेव्हाच सोडायचं. आधी नाही, नंतर नाही."

स्वतःच्या मोबाइलवर नजर रोखून त्यांनी हात वर धरला. गल्लीतल्या सायकल रिक्षाचा भोंगासुद्धा कुणाला ऐकू आला नाही.

"सोडा."

सेल बसला. काटा चालू लागला. घड्याळात पावणेसात, जगात पावणेसात. सासरे-जावई एकमेकांकडे पाहत राहिले. लग्नात हार घालतानाही त्यांच्यात इतका जिव्हाळा दिसला नव्हता.

मागचं झाकण बसेना. घड्याळ पोळपाटावर ठेवून वरून जयप्रकाशरावांनी आपलं सर्व वजन दिलं, तेव्हा 'टक्' झालं.

"हे रबर कसलं?" कादंबरीने जमिनीवरून झाकणाच्या मापाची एक बारीक काळी कडी उचलली.

दोघांनी ती पाहिली. "काही भाग जास्तीचे देतात," जयप्रकाशरावांनी निर्वाळा दिला.

मग घड्याळ जावयाच्या मनगटावर चढलं आणि दोघे गच्चीवर फेऱ्या मारायला गेले. कोलकात्याची हवा किती दमट असते हे पाहुण्यांना अजून ठाऊक नव्हतं आणि घड्याळालाही. खाली येईपर्यंत काचेच्या आतून असं दाट धुकं धरलं की काटे दिसेनात. आत वेळ बिनचूक होती. ती फक्त गोपनीय झाली होती.

"तांदळात ठेवा, ओल ओढून घेईल," सासरे म्हणाले.

घड्याळ तांदळाच्या डब्यात गेलं. धुकं दोन दिवसांत ओसरलं, पण बाहेर काढताच परत येतं, म्हणून मुक्काम तिथेच कायम झाला आहे. कादंबरी भाताचं माप घेताना घड्याळ कानाशी धरते आणि "चालू आहे" असं आतल्या खोलीत कळवते. जयप्रकाशराव परत गेले ते खुशीत. जावई वेळेची कदर करणारा आहे, असं ते नाशिकभर सांगतात.

एवढं सगळं करण्यापेक्षा स्टेशनबाहेरच्या घड्याळवाल्याकडे का गेले नाहीत, असा प्रश्न सुज्ञ वाचकांच्या मनात आलाच असेल. त्यांना विनंती आहे, की एकदा आपल्या कपाटाचा वरचा खण उघडावा. किल्ल्या, जुने चष्मे आणि औषधांच्या रिकाम्या पट्ट्या बाजूला साराव्यात. खाली एक घड्याळ असेल, जे आपण याच रविवारी दुकानात देणार आहात. गेली कित्येक वर्षं.

उन्मेषरावांचं, तांदळात का होईना, चालू आहे.