बाईसाहेबांची पिवळी ताटली

दुसऱ्याची वही वाचू नये, असं मला शाळेत शिकवलं होतं. पण नवरा हा दुसरा कसा, असा एक सोयीस्कर विचार गुरुवारी सकाळी माझ्या मनात आला आणि जेवणाच्या टेबलावर तो विसरून गेलेली निळी वही मी उघडली. फक्त एक पान बघायचं ठरवलं होतं. (मी बिस्किटही एकच खायचं ठरवते.)

माझा नवरा मत्स्यालयात कामाला आहे. त्याच्याकडे पाकटांची जबाबदारी आहे. पाकट म्हणजे तो चपटा, पसरट, लांब शेपटीचा मासा. शेपटीवर विषारी काटा असतो. त्यातली एक मादी सध्या गरोदर आहे. तिला तो ‘बाईसाहेब’ म्हणतो. मला तो ‘अगं’ म्हणतो.

उघडलेल्या पानावर लिहिलं होतं, ‘बाईसाहेबांचा मूड आज प्रसन्न. डोळे तेजस्वी. पोट सुंदर गोल दिसू लागलंय.’

माझंही पोट सव्वा वर्षापूर्वी गोल होतं. त्यावर या माणसाचं एकच वाक्य मला आठवतं, ‘जरा बाजूला सरक, टीव्ही दिसत नाहीये.’

मी पान उलटलं. नको होतं उलटायला.

‘सोमवार. बाईसाहेबांना खायला बोलवायची पिवळी पाटी फुटली. नवी यायला आठवडा. पाटीशिवाय त्या येईनात, खाईनात. मंगळवार. घरून ठमीची पिवळी ताटली आणली. बाईसाहेब धावत आल्या! नव्वद ग्रॅम कोळंबी!’

मी खुर्चीत बसले. मग खुर्ची ओली आहे हे कळलं आणि उठले. (ठमीने पाणी सांडलं होतं. ती हल्ली तेवढंच करते.)

ठमी म्हणजे आमची चौदा महिन्यांची लेक. ती पिवळी ताटली समोर असेल तरच जेवते. निळी चालत नाही, स्टीलची तर नाहीच नाही. गेले तीन दिवस मी ती ताटली कपाटामागे, पलंगाखाली, धुण्याच्या मशीनमध्ये, एकदा तर फ्रिजच्या बर्फात शोधली. हाही माझ्याबरोबर वाकून शोधत होता! तीन दिवसांत ठमीच्या पोटात मोजून सतरा घास गेले होते आणि त्याच दिवशी बारा वाजता डॉक्टरांकडे तिचं वजन व्हायचं होतं. मागच्या महिन्यात काटा हललाच नव्हता. या वेळीही हलला नाही तर तपासण्या करू, असं डॉक्टर म्हणाले होते. ‘तपासण्या’ या शब्दानंतर मी झोपलेच नव्हते.

“गुरुवारी तूही चल ना,” मी आठवडाभर आधी म्हटलं होतं.

“गुरुवारी नाही जमणार गं. अकराला सोनोग्राफी आहे.”

“कुणाची?”

“कुणाची म्हणजे काय? बाईसाहेबांची!”

तर असं होतं. आधी नवरा नेला, मग लेकीच्या तोंडचा घास नेला. सवतही असं करत नाही. मी ठमीला झोळीत बांधलं, तिच्या मऊ भाताचा डबा घेतला, वही घेतली आणि निघाले. ताटली आणि नवरा, दोन्ही परत आणायचे. नवऱ्याचं नाही जमलं तर निदान ताटली.

‘फक्त कर्मचाऱ्यांसाठी’ लिहिलेल्या दारापाशी मी वही उंच धरली. “साहेब विसरलेत. फार महत्त्वाची आहे.” पहारेकऱ्याने वहीकडे पाहिलं, मग माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने दार उघडलं.

आत कमरेइतक्या कठड्याचा एक मोठा गोल हौद होता. नवरा छातीपर्यंत रबरी पोशाख घालून पाण्यात उभा होता, पाठ माझ्याकडे. शेजारी प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई सोनोग्राफीच्या मशीनशी झटत होत्या. आणि कठड्याला, दोरीने टांगलेली, आमची ताटली! कडेला ठमीच्या चार दातांच्या खुणासुद्धा तशाच.

मी गाठ सोडली आणि ताटली उचलली. तेवढ्यात हौदाच्या तळची वाळू हलली.

खरं सांगते, मी तिच्यात खोट काढायच्या तयारीने आले होते. पण ती आली ती गच्चीवर झटकलेल्या चादरीसारखी, कडा लाटेसारख्या हलवत, जराही आवाज न करता. थेट माझ्यासमोर थांबली, नाक पाण्याबाहेर काढलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी डावीकडे सरकले, ती डावीकडे. मी उजवीकडे, ती उजवीकडे. हौदात नवरा असून ती माझ्याकडे आली होती. माझ्या मत्सराला एकदम गुदगुल्या झाल्या.

“अगं! तू?” नवरा वळला.

“हो, मी! आणि ही आमच्या ठमीची...”

“हलू नका!” डॉक्टरीणबाई ओरडल्या. “ताटली धरा तशीच! अर्धा तास झाला, दोरीवर ताटली हलत होती म्हणून ती एका जागी थांबत नव्हती. वर. थोडी खाली. बस्स! छान!”

मी भांडायला आले होते. पण शाळेत ‘छान’ म्हटलं की मी काहीही करायची, ती सवय अजून गेलेली नाही. मी पुतळ्यासारखी उभी राहिले. माझी सवत माझ्या हाताखाली निवांत तरंगत होती आणि माझा नवरा तिच्या पोटाखालून यंत्र फिरवत होता.

“चार!” तो कुजबुजला. “चार पिल्लं! बघ ना!” त्याचे डोळे भरून आले होते. (माझ्या सोनोग्राफीच्या वेळी त्याने डॉक्टरांना विचारलं होतं, ‘यात नक्की बघायचं काय?’)

“हिला अंडी नाहीत का होत?” विचारायचं नव्हतं, पण विचारलं.

“पिल्लं पोटातच वाढतात. आतच दुधासारखं काहीतरी पाझरतं, त्यावर. काटासुद्धा येतो, पण जन्मताना त्यावर मऊ आवरण असतं. आईला टोचू नये म्हणून.”

ठमीच्या वेळी अशी काही सोय नव्हती.

“आणि हिच्या अंगाच्या कडेवरच्या या खुणा?”

“नर चावतो,” डॉक्टरीणबाई स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाल्या. “म्हणून माद्यांची कातडी जाड असते.”

त्या बाईसाहेबांबद्दल मला पहिल्यांदाच आपुलकी वाटली.

इतक्यात नवऱ्याने लांब चिमट्यात कोळंबी धरून ताटलीखाली नेली. बाईसाहेबांनी ती अंगाखाली ओढली आणि खाल्ली. डोळे वर, तोंड खाली. आपण काय खातोय ते दिसतच नाही बिचारीला. म्हणून तर नखरे फक्त ताटलीचे, खाण्याचे नाहीत. आणि माझ्या छातीशी बांधलेल्या ठमीने आधी ताटलीकडे पाहिलं, मग चिमट्याकडे, आणि भलंमोठं तोंड उघडलं. “आ!”

“डबा!” मी किंचाळले, पण हलले नाही. “पिशवीत! आणि चिमटा दुसरा घे! उकळलेला आहे का? कोळंबीचा हात लावू नकोस!”

डॉक्टरीणबाईंनी नवं कोरं पाकीट फाडून स्वच्छ चिमटा दिला. नवऱ्याने हात धुतले. मग एक घास इकडे, एक कोळंबी तिकडे. ठमीने डबा संपवला. मी कधीच संपलेला पाहिला नव्हता. त्याच्या तळाला फूल कोरलेलं आहे हे त्या दिवशी कळलं. हात भरून आला होता, तरी मी ताटली इंचभरही खाली केली नाही.

बाराला तो माझ्याबरोबर आला, रबरी पोशाखाचा वास घेऊन. काटा हलला होता. तीनशे ग्रॅम! “उत्तम आहे,” डॉक्टर म्हणाले. “तुम्ही फार काळजी करता.” नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि माझा ताटलीवाला, दुखरा हात हातात घेतला. मी विचार केला, कदाचित मीच चुकत होते. बाईसाहेबांच्या चार पिल्लांमध्ये माझ्यासाठीही कुठेतरी जागा असेल.

त्याच भरात संध्याकाळी तो आंघोळीला गेल्यावर मी पुन्हा वही उघडली. एकच पान.

‘गुरुवार. सोनोग्राफी यशस्वी. चार पिल्लं. बाईसाहेब पूर्ण वेळ शांत. ताटली धरायला योग्य व्यक्ती मिळाली: उंची बरोबर, हलत नाही. पुढच्या वेळी हीच वापरावी.’

आठ महिन्यांच्या नोंदींत पहिल्यांदाच मी! तेही ‘योग्य’! मी ते तीनदा वाचलं. (खोटं कशाला बोलू, पाचदा.) पाचव्यांदा दिसलं, ‘व्यक्ती’च्या आधी एक शब्द खोडलेला होता. मी पान दिव्यासमोर धरलं.

‘स्टँड’.

“अरे!” मी न्हाणीघराच्या दारावर थाप मारली. “मी स्टँड?”

“खोडलंय ना!” आतून आवाज आला. “स्टँड काय असं मध्येच किंचाळतो?”